हेस्टर वर बघते

लिटल टर्न बेट, न्यू ब्रन्सविक
११ जून

प्रिय ऑरिएल स्वीटवॉटरबाई,

तुमच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पत्ता दिला आहे आणि खाली लिहिलं आहे, 'वाचकांची पत्रं आली की मला फार आनंद होतो.' असं सगळ्याच लिहितात. तुम्ही ते मनापासून लिहिलं आहे असं धरून चालते. नसेल, तर आता भोगा.

मी व्हर्ना गप्टिल. वय सहासष्ट. आमच्या फेरीबोटीच्या तिकीट खिडकीमागे एकोणतीस वर्षं बसले, चार वर्षांपूर्वी ती खिडकी सोडली. नवरा लॉइड जाऊन चौदा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी हॅलिफॅक्सच्या भाचीने मला पुस्तकं वाचायची ती इलेक्ट्रॉनिक पाटी भेट दिली आणि तेव्हापासून मी कामातून गेले. मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं मी वाचत नाही. मला तुमच्यासारख्या बायका आवडतात, ज्या स्वतःच लिहितात, स्वतःच मुखपृष्ठ करून घेतात, स्वतःच पुस्तक बाजारात आणतात आणि मागे कुणी उभं नसताना पुन्हा दुसरं लिहायला बसतात. अशा दोनशे सात प्रेमकादंबऱ्या वाचून झाल्या. तुमच्या कादंबऱ्यांतल्या बायका नळ दुरुस्त करतात, दातांच्या दवाखान्यात काम करतात, त्यांचे गुडघे दुखतात, आणि तरी त्यांच्यावर कुणीतरी जीव टाकतं. हे मला इतर कुठे वाचायला मिळालं नाही.

आमच्या वाचनालयातली ओटिली चेनी म्हणाली, "शेवट गोड होणार हे आधीच माहीत असतं, मग वाचायचं कशाला गं?" मी म्हटलं, "जेवल्यावर पोट भरणार हे तुला माहीत असतं, म्हणून जेवायची थांबतेस का?"

आता तुमचं नवं पुस्तक, 'भरतीच्या आत ये'. आमच्यासारख्याच बेटावरचं! गेल्या मंगळवारी आलं आणि मी ते तीनदा वाचलं. तो शेवंडी (लॉब्स्टर) पकडणारा गिडियन आणि ती गुरांची डॉक्टर मॅरेन, दोघंही गोड आहेत. चौदाव्या प्रकरणात दोघं शेजघरात गेल्यावर तुम्ही वाचकाच्या तोंडावर दार बंद करत नाही, हेही मला आवडलं. मी त्याच प्रकरणात असताना टेकडीवरचा ऑल्डन झ्विकर दर मंगळवारसारखा डल्स घेऊन आला. (डल्स म्हणजे समुद्रातलं जांभळं शेवाळ. खडकांवर वाळवतात, आम्ही ते चिवड्यासारखं तोंडात टाकतो.) मी त्याला दारातच म्हटलं, "थांब जरा." प्रकरण संपेपर्यंत वीस मिनिटं उभा होता बिचारा. मग विचारतो कसा, "चांगलं आहे का पुस्तक?" मी म्हटलं, "तुझ्या वयाला झेपणार नाही."

पण माझा जीव जडला तो हेस्टरवर. तिकीट खिडकीमागची ती विधवा! सगळ्या पुस्तकात मिळून अकरा पानं आली आहे, पण आहे कशी! आणि तो बेकरीवाला रोज येऊन तिच्याकडे तिकीट मागतो. पुढचं पुस्तक हेस्टरचंच हवं. साठीच्या बाईवर कोण लिहितं हो? तुम्ही लिहा. मला तेवढंच वाचायचं आहे.

किरकोळ चुका आहेत, त्या मी पाटीतूनच कळवल्या आहेत. वाक्यावर बोट दाबून धरलं की एक चौकोन उघडतो आणि त्यात लेखकाला लिहिता येतं. केवढी सोय केली आहे तुम्हा लोकांसाठी! पोचल्या असतीलच.

तुमची,
व्हर्ना गप्टिल


डनफोर्ड, सस्कॅचेवान
२४ जून

प्रिय व्हर्नाबाई,

आधी एक कबुली. ऑरिएल स्वीटवॉटर नावाची कुणी बाई नाही. माझं नाव ट्रूडी वॉरोनिक, वय त्रेचाळीस, आणि मी शाळेची बस चालवते. सकाळी मुलांना शाळेत सोडलं की दुपारी अडीचपर्यंत बस शाळेमागे उभी असते. चारही पुस्तकं मी त्या बसमध्ये, चौथ्या बाकावर बसून लिहिली. हिवाळ्यात बोटं गोठायला लागली की वाचनालयात जाते. आमच्याकडे चारी बाजूंना गहू आणि मोहरी आहे. समुद्र मी एकदाही पाहिलेला नाही. हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुमचं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि मग मोठ्याने पुन्हा एकदा वाचलं. असं पत्र मला आजवर कुणी लिहिलेलं नाही. वाचक चार ओळी लिहितात, तारे देतात, आणि तेही फार वाटतं. 'मागे कुणी उभं नसताना' या तुमच्या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ मारली.

तुमच्या टिपाही पोचल्या. सगळ्या.

हेस्टरबद्दल मात्र तुमची निराशा करावी लागते आहे. मी स्वतःशी ठरवलं होतं, चार पुस्तकं लिहून बघायची. चौथं चाललं तर पाचवं, नाहीतर बस चालवायची आणि दुपारी स्वेटर विणायचे. चौथं चाललं नाही. माझी थोरली बहीण आयरीन म्हणते, "सुटलीस एकदाची." तसंच म्हणू या. बस चालवणं काही वाईट नाही आणि मुलं मला आवडतात.

सोबत 'भरतीच्या आत ये'च्या चार वाचनखुणा आणि दीपगृहाच्या चिकटचित्रांचं पाकीट पाठवते आहे. एक ऑल्डन झ्विकरांना द्या. वीस मिनिटं उभं राहण्याचं काहीतरी मिळायला हवं.

तुमची,
ट्रूडी (स्वीटवॉटर नसलेली)


लिटल टर्न बेट
८ जुलै

ट्रूडी,

तू बस चालवतेस आणि मी फेरीची तिकिटं फाडली, म्हणजे आपण दोघी एकाच धंद्यातल्या. तेव्हा आता मी तुला अगं-तुगंच करणार.

स्वेटर विणणार म्हणे! तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की मी टोपी चढवली आणि थेट चर्चच्या महिला मंडळात गेले. त्या दिवशी आम्ही जत्रेसाठी रुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा भरत होतो. मी सगळ्यांना सांगितलं, "आपल्या बेटावर एका बाईने पुस्तक लिहिलं आहे आणि ते चालत नाही म्हणून ती लिहिणं सोडते आहे. त्यात आपला धक्का आहे, आपली फेरी आहे, आपलं धुकं आहे. आज प्रत्येकीने ते घ्यायचं." पाद्रीबाईंनी विचारलं, "वाचण्यासारखं आहे ना?" मी म्हटलं, "चौदावं प्रकरण डोळे मिटून वाचा." सात जणी तिथल्या तिथे तयार झाल्या.

आणि पुस्तक सापडेना! पहिली तीन आहेत, हे नाही. ओटिलीने तिच्या संगणकावर शोधलं तर दुकानात लिहिलं होतं, 'हे पुस्तक सध्या उपलब्ध नाही.' मला वाटलं तूच काढून घेतलंस. पण ओटिली म्हणाली की कुणी तक्रारी केल्या की दुकान असं करतं.

म्हणजे तू माझ्यापासून लपवलंस! पुस्तक चाललं नाही असं नाही, ते कुणीतरी चालू दिलं नाही. दुकानातल्या तारखेवरून ते पण पहिल्याच आठवड्यात, जेव्हा पुस्तक आधीच मिळालेले तुझे वाचक आपापलं मत लिहायला टपून बसलेले असतात. कोण आहे ती कैदाशीण? नक्की दुसरी एखादी लेखिका असणार, तुझ्यावर जळणारी. मी तिला शेवंडीच्या पिंजऱ्यात बसवून तळाशी सोडीन, ऑल्डन दोर धरायला तयार आहे. त्याने वाचनखूण टोपीत ठेवली आहे, टोपीबरोबर काढतो आणि टोपीबरोबर परत ठेवतो. काय करायची आहे त्याला वाचनखूण, तो तर फक्त हवामानाचा अंदाज वाचतो.

तसा तो विसरभोळाच आहे. त्याची बायको थेल्मा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी निवृत्त होईपर्यंत पाच वर्षं रोज सकाळी खिडकीवर यायचा आणि विचारायचा, "फेरी वेळेवर आहे का गं, व्हर्ना?" खरं तर त्याचं घर धक्क्यावरच्या टेकडीवर आहे, स्वयंपाकघरातून फेरी येताना दिसते. पण नाही, टेकडी उतरून यायचा आणि विचारून परत जायचा. एकदाही तिकीट काढलं नाही.

ते असो. ओटिली दुकानाला फोन करून सगळं विचारणार आहे. मी या प्रकरणाचा छडा लावणार. तू तोवर हेस्टरचं पहिलं पान लिही.

तुझी,
व्हर्ना


डनफोर्ड
१९ जुलै

प्रिय व्हर्नाताई,

कृपा करून ओटिलीबाईंना फोन करू देऊ नका.

तक्रार झाली हे खरं आहे. मी लपवलं हेही खरं. पण ती कुणा जळणाऱ्या लेखिकेने केलेली नाही. ती एका वाचकाने केली, चांगल्या मनाने केली, आणि त्यातून असं काही होईल हे त्या व्यक्तीच्या स्वप्नातही नसणार. दुकानात तक्रारी माणसं मोजत नाहीत, यंत्र मोजतं. आकडा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की पुस्तक खाली उतरतं आणि ते आवडीने लिहिलं की रागाने हे कुणी बघत नाही. त्या व्यक्तीला हे कधी कळू नये अशी माझी इच्छा आहे. माझं जे जायचं ते गेलं, आता आणखी कुणाला कशाला वाईट वाटायला हवं?

तुमच्या महिला मंडळाला माझे आभार सांगा. सात जणी मुरांबा टाकून माझ्यासाठी उभ्या राहिल्या, हे मी आयरीनला सांगितलं. तिने दुसऱ्यांदा कॉफी ओतली, आणि तिच्यासाठी ते बरंच आहे.

बस सप्टेंबरपर्यंत बंद आहे. विणायला घेतलं होतं. पहिल्याच बाहीला तीन भोकं पडली.

एक विचारू? ऑल्डन झ्विकर तुमच्याकडे मंगळवारीच का येतात?

तुमची,
ट्रूडी


लिटल टर्न बेट
३० जुलै

ट्रूडी,

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. आदल्याच दिवशी ओटिलीने फोन केला होता. मी शेजारी उभी होते, कंबरेवर हात ठेवून, भांडायच्या तयारीत.

दुकानातल्या माणसाने नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, एका वाचकाच्या एकतीस तक्रारी आहेत.

मी प्रत्येक पुस्तकाचं वहीत टिपून ठेवते. घरी येऊन वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, 'ट्रूडीला कळवलेल्या चुका: एकतीस.' तेव्हा मला तुझं नाव माहीत नव्हतं, म्हणून 'ऑरिएलबाई' असं लिहून नंतर खोडलं होतं.

मला वाटलं ते पत्र आहे. देवाशपथ मला वाटलं तो चौकोन म्हणजे तुझं दार आहे. खिडकीत बसून एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, "पाटी नीट वाचा, मग विचारा." आणि त्या चौकोनावर 'दुकानाकडे तक्रार' असं लिहिलं होतं, ते मी स्वतः वाचलं नाही.

तू पहिल्या दिवसापासून जाणून होतीस. तरी मला वाचनखुणा पाठवल्यास.

मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही. तुझं चार पुस्तकांचं काम मी एका दुपारी बुडवलं, ते पण प्रेमाने. वाचायची पाटी मी लॉइडच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. मला पुस्तकं वाचता येतात असं वाटत होतं, ते खरं नव्हतं.

मंगळवारी ऑल्डन आला तेव्हा मी दार उघडलं नाही. डल्सची पिशवी पायरीवर ठेवून गेला.

व्हर्ना


डनफोर्ड
११ ऑगस्ट

प्रिय व्हर्नाताई,

कुलूप काढा. हे पत्र वाचून मग काढा, पण काढा.

तुम्ही खरं लिहिलंत, तेव्हा मीही लिहिते. दुकानाकडून तक्रारींची यादी आली त्या दिवशी मी बस रस्त्याकडेला थांबवून रडले. नशीब, बस रिकामी होती. पहिला आठवडा परत येत नाही. वर्षभर ज्या आठवड्यासाठी लिहिलं, तो तिसऱ्या दिवशी संपला. मग तुमचं पत्र आलं आणि त्यात तो चौकोन आला, तेव्हा मला कळलं की हे कुणी केलं. दोन दिवस मी तुमचा द्वेष केला, व्हर्नाताई. आयरीनसमोर तुम्हाला नावंही ठेवली. बरंच वाईटसाईट बोलले, ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मी यादी घेऊन चौथ्या बाकावर बसले. तुम्हाला खरमरीत उत्तर लिहायचं, म्हणून एकेक तक्रार मोठ्याने वाचायला लागले.

चौथी: 'गिडियन ऑगस्टमध्ये शेवंडी पकडतो. अहो, हंगाम नोव्हेंबरपासून जूनपर्यंत असतो. लग्नाआधी तुरुंगात जाईल ना तो!'

सातवी: 'याने होडी दहा फूट दोराने धक्क्याला बांधली. आमच्याकडे ओहोटीला पाणी वीस फूट उतरतं. पुढच्या प्रकरणात ही दोघं एकमेकांना मिठी मारत आहेत आणि होडी मागे खांबाला टांगलेली आहे. माझं सगळं लक्ष तिकडेच.'

बाराव्या तक्रारीला मी हसायला लागले. 'बेटावर येताना तिकीट लागत नाही, फक्त जाताना लागतं. यायचं असेल त्याला कुणी अडवत नाही, ही आमची रीत आहे. त्याला फुकट येऊ द्या.' मी हे वाक्य यादीतून उचलून पुस्तकात जसंच्या तसं घातलं आहे, हेस्टरच्या तोंडी. तुमची परवानगी आत्ता मागते आहे.

एकोणिसाव्या तक्रारीपर्यंत मला कळून चुकलं की मी बेट पाहिलं नव्हतं आणि तुम्ही ते मला दाखवत होतात. माझ्या पुस्तकाला तारे देऊन लोक पुढे जातात. तुम्ही त्यात राहायला आलात आणि दारं, खिडक्या, दोर सगळं तपासलंत. एवढ्या मायेने मला अजून कुणी वाचलेलं नाही. तुम्हाला पुस्तकं वाचता येत नाहीत असं पुन्हा लिहिलंत, तर मी खरंच रागावेन.

तीस चुका दुरुस्त केल्या. दुकानाने तपासून शनिवारी पुस्तक परत वर चढवलं. गेलेलं गेलं, पण पाद्रीबाईंना सांगा की चौदावं प्रकरण आता मिळतं.

एकतिसावी तेवढी बाकी आहे. मी लिहिलं होतं, 'बेकरीवाला खिडकीशी आला. हेस्टरने मान वर न करता तिकीट सरकवलं.' त्यावर तुमची तक्रार अशी:

'चूक. ती वर बघते. रोज येणाऱ्या माणसाची पावलं लाकडी फळ्यांवर लांबूनच ओळखू येतात. तो अजून दारापाशी असतो तेव्हाच ती पेन खाली ठेवते. मग वर बघते. बघितलं नाही असं कसं होईल?'

ही तक्रार मी पंधरा वेळा तरी वाचली असेन. आणि मग तुमची तिन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसले. पहिल्या पत्रात ऑल्डन झ्विकर आहेत. दुसऱ्यात आहेत, टोपीत वाचनखूण ठेवलेले. तिसऱ्यात तुमचा जीव जात होता, तरी शेवटी तेच आहेत, पायरीवर. मी प्रेमकथा लिहिते, व्हर्नाताई. बाकी मला काही येत नाही, पण स्वयंपाकघरातून फेरी दिसणारा माणूस पाच वर्षं रोज टेकडी उतरून फेरीची वेळ विचारतो, तर तो विसरभोळा नसतो, एवढं मला कळतं.

हेस्टरचं पुस्तक मी सुरू केलं आहे. नऊ प्रकरणं झाली आणि अडले. बेकरीवाल्याने शेवटी धीर केला आहे, तो खिडकीशी उभा आहे आणि हेस्टरने वर बघितलं आहे. यापुढे ती काय म्हणते, मला सुचत नाही. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि मला कुणी रोज येऊन काही विचारलेलं नाही. यावेळी अंदाजाने लिहून मला बत्तिसावी चूक करायची नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत मी पुढचं पान लिहिणार नाही.

उत्तर कागदावरच पाठवा. चौकोनात नको.

तुमची,
ट्रूडी


लिटल टर्न बेट
२९ ऑगस्ट

ट्रूडी, पोरी,

आगाऊ आहेस तू. तुझं पत्र मी टेबलावर पालथं घातलं आणि आधी भांडी घासली. मग जी भांडी स्वच्छ होती तीही घासली. सहासष्टाव्या वर्षी गव्हाच्या शेतातून एक बाई मला सांगते की माझ्या दारात काय उभं आहे! आणि मी दोनशे सात कादंबऱ्या वाचलेली बाई. पहिल्या पानावर ओळखते कोण कुणाचं होणार ते.

लॉइडचं कपाट उघडलं. पाटी बाहेर काढली. लॉइडच्या कोटाशी थोडं बोलले. तो काही हरकत घेणारा माणूस नव्हता, जिवंतपणीही नव्हता.

मंगळवारी ऑल्डन आला. मी स्वयंपाकघरात होते. पायऱ्यांवर त्याची पावलं वाजली आणि माझ्या हातातली सुरी खाली ठेवली गेली. मी ठेवली नाही, ट्रूडी, ती ठेवली गेली. तेव्हा मला माझीच एकतिसावी तक्रार आठवली आणि कानशिलं तापली.

दार उघडलं. पिशवी पुढे करून तो म्हणाला, "गेल्या वेळी तू घरी नव्हतीस वाटतं."

मी म्हटलं, "घरीच होते. ऑल्डन, तुझ्या स्वयंपाकघरातून फेरी दिसते ना रे?"

"दिसते की."

"मग पाच वर्षं रोज सकाळी खाली येऊन मला काय विचारत होतास?"

त्याने टोपी काढली. तुझी वाचनखूण खाली पडली, ती उचलली, पुसली. तुला सांगते, चौदाव्या प्रकरणाला मला लागला नसेल एवढा वेळ त्याने त्याला लावला. मग म्हणाला, "विचारायचं ते कधी विचारलंच नाही, व्हर्ना. मी आलो की तू वर बघायचीस. तेवढं बघायला यायचो."

"आणि हे मंगळवारचं काय?"

"तू खिडकी सोडलीस तो मंगळवार होता. बुधवारी उठलो तर जायला कुठे नव्हतं. मग पुढच्या मंगळवारी डल्स घेऊन आलो."

चार वर्षं, ट्रूडी. चार वर्षं मी त्या माणसाला पायरीवरून परत पाठवत होते आणि वर त्याचं डल्स जरा जास्तच खारट असतं असं लोकांना सांगत होते. मला रडू आलं. इथे लिहितानाही येतं आहे, लिहू दे. किती दिवस वाया घालवले मी! तो घाबरून म्हणाला, "मी काही चुकीचं बोललो का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, आता तू चुका मोजायला लागू नकोस."

तर हेस्टरचं उत्तर लिहून घे. ती 'हो' म्हणते. पण लगेच नाही. आधी ती खिडकीशेजारचं दार उघडते आणि म्हणते, "बूट काढ, मी आत्ताच फरशी पुसली आहे." कारण त्याला आत घ्यायचं हे तिने ठरवलेलं असतं, फक्त तोंडाने म्हणायला वेळ लागतो. मग ती चहा टाकते. तो खुर्चीच्या काठावर बसतो, आणि तिला दिसतं की त्याने मोजे दोन वेगवेगळे घातले आहेत. तेव्हा ती हो म्हणते. आणि दार बंद कर, ट्रूडी. या एका पुस्तकात दार बंद कर, बेट लहान आहे.

तू मात्र ये. पुस्तक संपलं की ये, आयरीनला घेऊन ये, समुद्र बघ. बेटावर येताना तिकीट लागत नाही. ऑल्डन तुला ओहोटीला टांगलेली होडी दाखवणार आहे, मुद्दाम दहा फूट दोराने बांधून.

तो आत्ता समोर बसून पाटीवर तुझं पुस्तक वाचतो आहे. चौदाव्या प्रकरणात आहे, मान वर करत नाही. मी हे पत्र लिहिते आहे हे त्याला माहीत आहे, आत काय लिहिलं आहे ते नाही.

आणि काल त्याने मला विचारायचं ते विचारलं. मी काय म्हणाले ते अजून ओटिलीला माहीत नाही, महिला मंडळाला माहीत नाही, भाचीला माहीत नाही. कुठलंही बटण दाबून मी ते कळवलेलं नाही. फक्त तुला कळवते आहे: हेस्टर म्हणते तेच.

तुझी,
व्हर्ना